हिमाखालची जमीन

पायांना लांब, चपट्या पट्ट्या बांधून हिमाच्छादित उतारावरून घसरत जाण्याच्या खेळाला स्कीइंग म्हणतात. परंतु जेथे हिम पडते तेथे हा खेळ मांडता येतोच, असे नाही. त्यासाठी डोंगराची पारख करावी लागते.

उत्तराखंडात जोशीमठ नगराच्या वर, सुमारे अडीच ते तीन हजार मीटर उंचीवर औली हे स्थळ आहे. येथील उतार उत्तरेकडे तोंड करून आहेत. त्यामुळे त्यांवर ऊन कमी पडते आणि हिम अधिक काळ टिकते. चढही बेताचा आहे. नवशिक्याला दहा-बारा अंशांचा उतार पुरेसा होतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर मात्र हिमकडे कोसळण्याचे भय सर्वांत अधिक. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांतील काही स्पर्धा औलीला झाल्या. हिम अपुरे पडल्यास ते यंत्राने तयार करता यावे, म्हणून डोंगरावर तलावही बांधण्यात आला.

येथवरची पारख खेळाडूच्या दृष्टीची झाली. पण खेळाडू येतो तेव्हा त्याच्यामागून रस्ता, उपाहारगृहे, निवासस्थाने आणि सांडपाणीही येते. हा भार बहुतांशी खालच्या गावावर पडतो. म्हणून उन्हाळ्यात, हिम वितळल्यावर, सारा डोंगर पायथ्यापर्यंत पायी फिरून पाहावा. झाडांचे बुंधे कलले आहेत काय? पावसाळ्यात नवे झरे कोठे फुटतात? ही माहिती नकाशापेक्षा गुराख्यांकडे अधिक मिळते.

जोशीमठ हे प्राचीन दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेले आहे. तेथे अवजड बांधकामांना आळा घालावा, उतारावरील मोठे दगड हलवू नयेत, झाडे तोडू नयेत, असे मिश्रा समितीने १९७६ सालीच बजावले होते. तरीही इमारती वाढत गेल्या. पाण्याचा निचरा नीट झाला नाही. जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचली आणि आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले. अनेक कुटुंबांना भर थंडीत घर सोडावे लागले. याचा सारा दोष औलीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल; कारणे अनेक होती. मात्र औलीला नेणारा सुमारे चार किलोमीटरचा रज्जुमार्ग जोशीमठच्या याच जमिनीवरून सुरू होतो. ऐन हिवाळ्यात तोही बंद करावा लागला.