मालक क्रमांक १००१

अब्बांना गाण्यांचा फार शौक होता. घरात कॅसेटींचे दोन खोके भरलेले होते. त्यांत कव्वाल्या होत्या, गझला होत्या, मोहल्ल्यातल्या मुशायऱ्यांचे ध्वनिमुद्रण होते. निवृत्त झाल्यावर अब्बांनी टेपरेकॉर्डर तारेने संगणकाला जोडला आणि एकेक कॅसेट त्यात उतरवली. एका कॅसेटीत माझ्या दादीजानचा आवाज होता. लग्नघरी ढोलक वाजवून ती गाणी म्हणायची. ती कॅसेट पुढे बुरशी लागून खराब झाली. दादीजानचा आवाज उरला तो फक्त संगणकात.

अब्बा गेले. काही दिवसांनी तो जुना संगणकही बंद पडला. नवा संगणक घरी आला तेव्हा अम्मी म्हणाली, "आधी त्यांची गाणी यात आण. बाकीचे नंतर बघ."

जुन्या संगणकातली डिस्क शाबूत होती. ती काढून मी नव्या संगणकाला जोडली. दोन्ही संगणकांवर लिनक्स होते. अब्बांचा फोल्डर दिसला, पण उघडेना. मग मी व्यवस्थापकाचा अधिकार वापरून तो फोल्डर जसाच्या तसा नव्या संगणकात उतरवला. तरी तेच! पडद्यावर एकच वाक्य येई : 'परवानगी नाकारली.'

माझी भाची नववीत शिकते. ती शेजारी बसली होती. तिने विचारले, "मामू, आपल्याच घरातली गाणी ऐकायला परवानगी कोणाची घ्यायची?"

परवानगी हा शब्द तुम्हांला परका वाटू नये. तो फारसीतून मराठीत आला आहे. आपण घरी जिला इजाजत म्हणतो, तीच ही. 'मालक' हा शब्दही मूळचा अरबी. हे दोन शब्द कळले, की पुढची गोष्ट सोपी आहे.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली लिहायला घेतली. त्या काळी संगणक फार महाग असत. एकाच संगणकावर अनेक जण काम करीत. एकाचे काम दुसऱ्याने पुसू नये, म्हणून प्रत्येक फाइलचा मालक कोण आणि तिचे कोणी काय करावे, हे फाइलीबरोबरच नोंदवून ठेवण्याची पद्धत पडली. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स तयार केले, तेव्हा त्यानेही हीच पद्धत उचलली.

मी फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा दिली. अब्बांच्या फोल्डरपुढे मालकाच्या जागी नाव नव्हते. नुसता आकडा होता : १००१.

"हा कोण?" भाचीने विचारले.

मी म्हणालो, "बेटा, तुझ्या वर्गात बारा नंबर कोणाचा, हे कसे कळते?"

"हजेरीपटात बघून."

"आणि तोच नंबर घेऊन दुसऱ्या शाळेत गेले तर?"

"तिथे बारा नंबरची मुलगी दुसरीच असेल. किंवा नसेलही."

इथे नेमके तसेच झाले होते. डिस्कवर मालकाचे नाव लिहिलेले नसते. फक्त क्रमांक असतो. क्रमांक कोणाचा, हे त्या त्या संगणकाच्या हजेरीपटात असते. बहुतेक लिनक्समध्ये पहिल्या खात्याला १००० हा क्रमांक मिळतो, दुसऱ्याला १००१. जुन्या संगणकावर पहिले खाते माझे होते, दुसरे अब्बांचे. नव्या संगणकावर माझे एकट्याचेच खाते. तिथे १००१ हा कोणीच नव्हता.

भाची क्षणभर विचारात पडली. "मग मी इथे दुसरे खाते उघडले असते तर?"

"तर तू १००१ झाली असतीस. नानाजानच्या सगळ्या गाण्यांची मालकीण!"

ती हसली. पण गोष्ट हसण्यासारखी नाही. असे कोणाचे कागद न मागता भलत्याच्या हाती पडू शकतात.

परवानग्या तीन असतात. वाचण्याची, लिहिण्याची आणि चालवण्याची. त्यांचे आकडे अनुक्रमे ४, २ आणि १. मालक, त्याचा गट आणि इतर लोक, अशा तिघांसाठी तीन बेरजा मांडतात. अब्बांच्या फोल्डरवर ७०० होते. म्हणजे मालकाला सर्व, बाकी कोणाला काहीच नाही. संगणकाच्या एका दुकानदाराने मला फोनवर सांगितले, "सगळीकडे ७७७ करून टाका, मास्तर." किल्ली हरवली म्हणून दरवाजाच काढून ठेवायचा, असा हा सल्ला. ७७७ केले, की त्या संगणकावरचा कोणीही ती गाणी पुसू शकतो. मी तो मानला नाही.

मी फोल्डरची मालकी माझ्या नावावर केली. त्यासाठी 'मालक बदला' अशी एकच आज्ञा लागते. आतल्या सर्व फाइलींनाही ती लागू करता येते. इथवर ठीक झाले. मग मला शहाणपण सुचले. सर्वांना ऐकता यावे, पण पुसता येऊ नये, म्हणून मी आतबाहेर सगळीकडे ६४४ केले. आणि सगळे फोल्डर बंद झाले! यादीत गाण्यांची नावे दिसत, गाणे एकही लागत नव्हते.

अम्मी दारात उभी होती. "गेली का रे गाणी?" तिने हळूच विचारले. मला उत्तर देववेना.

चूक अशी होती. फाइलीच्या बाबतीत १ म्हणजे चालवण्याची परवानगी. फोल्डरच्या बाबतीत मात्र १ म्हणजे आत पाऊल टाकण्याची परवानगी. गाण्याला ६४४ पुरते. फोल्डरला ७५५ लागतात. मी सर्वांचाच १ काढून घेतला होता. लिनक्समध्ये यासाठी एक सोय आहे. आज्ञेत लहान एक्सऐवजी मोठा एक्स लिहिला, की आत जाण्याची परवानगी फोल्डरांना मिळते, गाण्यांना मिळत नाही. परवानग्या कितीही चुकल्या, तरी त्यांमुळे गाणे पुसले जात नाही. शिवाय जुनी डिस्क मी आधीच काढून कपाटात ठेवली होती.

फोल्डर उघडला. भाचीने नानीला खुर्ची दिली. आधी नुसती खरखर ऐकू आली. मग ढोलक वाजला आणि दादीजानने गाणे उचलले. अम्मीने डोळ्यांना पदर लावला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ढोलक तिचा नाही. तो तुझ्या फुफीचा हात आहे."

नव्या संगणकात त्या गाण्यांचा मालक म्हणून आता माझे नाव दिसते. कपाटातल्या डिस्कवर मी काहीही बदललेले नाही. तिथे मालकाच्या जागी अजून १००१ च आहे.

स्वाध्याय

१. अब्बांच्या फोल्डरपुढे नावाऐवजी आकडा का दिसत होता?
२. लेखकाने दुकानदाराचा सल्ला का मानला नाही?
३. ६४४ केल्यावर फोल्डर का बंद झाले, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. 'शौक, परवानगी, मालक' यांसारखे उर्दू व मराठीत सारखेच असलेले आणखी पाच शब्द शोधा व वाक्यांत वापरा.