शब्द पाठ होतात, पण टिकत नाहीत

प्रश्न : घाटंजी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. मुलांच्या घरी कोलामी, बंजारा बोलतात. इंग्रजी शब्द पाठ होतात, पण पुढच्या इयत्तेत विसरतात. नियोजन कसं करू?

उत्तर : ताई, मुलं विसरतात, कारण पुढच्या वर्गात ते शब्द त्यांना पुन्हा भेटत नाहीत. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पण आपण प्रत्येक इयत्ता सुटी धरून शिकवतो. शाळेत शब्दांची एकच वही ठेवा, ती वर्गासोबत पुढे जाऊ द्या. विदर्भात शाळा जूनअखेर उघडते. पहिले दोन आठवडे फक्त मागचे शब्द.

पहिली-दुसरीत ऐकणं आणि बोलणं पुरे. स्पेलिंगची घाई मला मुळीच पटत नाही. अर्थ आधी कोलामीत किंवा बंजारात विचारा, मुलंच सांगतील. तिसरी-चौथीत वाक्यातून वाचन. पाचवीपासून शब्दांची कुटुंबं घ्या : फार्म, फार्मर, फार्मिंग. जोडीनं येणारे शब्दही : कापूस वेचण्याला ‘पिक कॉटन’. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू असते, तेव्हाच हा पाठ घ्या.

कोणते शब्द आधी? बंगालमध्ये इंग्रजी शिकवलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे दोन हजार नित्य वापराच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यातले काही शब्द आज जुने वाटतील, पण निवडीचं तत्त्व पक्कं आहे : जो शब्द जास्त वेळा भेटतो, तो आधी. बालभारतीच्या धड्यातले असे शब्द अधोरेखित करा; विरळ शब्द धड्यापुरते समजावून सोडून द्या.