शिक्षकांचे पदवीशिक्षण

अध्यापन ही अभ्यासाने साध्य होणारी विद्या आहे, हा विचार महाराष्ट्रात क्रमाक्रमाने रुजला. मुंबईस १९०६ साली माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी महाविद्यालय निघाले. पुण्यास १९४१ साली टिळक शिक्षण महाविद्यालय सुरू झाले. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले. पूर्वीच्या बी. टी. पदवीस पुढे बी. एड. हे नाव मिळाले आणि तिच्यावर एम. एड. व पीएच. डी. या पायऱ्या चढल्या. २०१५ पासून बी. एड. व एम. एड. हे नियमित अभ्यासक्रम दोन-दोन वर्षांचे झाले.

परंतु भांडगावासारख्या गावी शाळा सांभाळणाऱ्या शिक्षकास दीर्घ रजा घेऊन शहरात राहणे अवघड असते. १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ही अडचण पुष्कळ अंशी दूर केली. सेवेतील पदवीधर शिक्षकांसाठी त्याने बी. एड.चा मार्ग खुला केला. घरी स्वयंअध्ययनाची पुस्तके वाचावयाची, अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रांस जावयाचे आणि शिकलेले वर्गात पडताळून पाहावयाचे, अशी ही पद्धती होय.

तथापि, पदवी वरची म्हणून पहिलीचा वर्ग आपोआप साधत नाही. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शिक्षकपदासाठी बी. एड. ही पात्रता ग्राह्य धरली नाही. बालकांना शिकविण्याचे कौशल्य निराळे आहे, हाच त्याचा आशय. म्हणून पदविकाधारक शिक्षकाने स्वतःस कमी लेखू नये. पदवी अवश्य घ्यावी. मात्र तिचा लाभ वर्गातील मुलांस व्हावा.

स्वाध्याय : हातच्याच्या वजाबाकीत मुले नेमकी कोठे अडखळतात, याची महिनाभर टिपणे ठेवावीत व केंद्रसभेत त्यांवर चर्चा करावी.