आमच्या वाडीत माणसे किती?

दिवाळीच्या सुट्टीनंतर गुरुजींनी आमच्या वर्गाला एक काम दिले. प्रत्येकाने आपल्या वाडीतल्या पाच घरांत जाऊन माणसे मोजून आणायची. मला वाटले, यात काय मोठे! पण मी पहिल्याच घरात अडलो आणि ते घर आमचेच होते.

आमच्या रेशनकार्डावर सात नावे आहेत. पण रात्री जेवायला आम्ही चौघेच असतो. आजी, आई, मी आणि धाकटी बहीण. बाबा, काका आणि काकी मुंबईला असतात. म्हणून मी चार लिहिले. आजीने विचारले, "काय लिवलंस रं?" मी सांगितले. ती फार रागावली. "माझी दोन पोरं आन् सून, ती काय आमची न्हायती? सात लिव!" मी खोडून सात लिहिले.

शाळेत गुरुजी म्हणाले, चार बरोबर. मग त्यांनी जनगणना कशी करतात ते सांगितले. आजी तिला शिरगणती म्हणते. आपल्या देशात १८८१ सालापासून दर दहा वर्षांनी ती होत आली. माणूस नेहमी राहतो तिथे त्याला मोजतात, मग त्याचे गाव कुठलेही असो. शेवटची जनगणना २०११ साली झाली. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. फेब्रुवारी महिन्यात मोजणारे घरोघर फिरले. शिमगा त्यानंतर मार्चमध्ये आला. शिमग्याला सगळी चाकरमानी मंडळी येतात आणि वाडी भरून जाते, पण ती गर्दी कागदावर येत नाही.

गुरुजींनी फळ्यावर २०११ चे आकडे लिहिले. रायगड जिल्ह्यात २६,३४,२०० माणसे. त्यांतली ७,५०,२३६ एकट्या पनवेल तालुक्यात. महाड तालुक्यात १,८०,१९१ आणि आमच्या पोलादपूर तालुक्यात ४५,४६४. मी भागाकार करून पाहिला. पनवेलमध्ये आमच्यासारखे सोळा तालुके मावतील! जिल्ह्यात एकूण पंधराच तालुके आहेत. जिल्ह्याचा मोठा आकडा वाचून कोणाला वाटेल की इथे सगळीकडे गर्दी आहे. त्याने एकदा आमच्या वाडीत यावे.

दुसरा आकडा मला जास्त आवडला. कशेडी घाट ओलांडला की रत्नागिरी जिल्हा लागतो. तिथे दर हजार पुरुषांमागे ११२२ बाया होत्या. आणि मुंबई शहर जिल्ह्यात हजारामागे फक्त ८३२. मी विचारले, "गुरुजी, मुंबईत बाया कमी का?" ते म्हणाले, "तुझ्या घरात रात्री पाने कोणाकोणाची मांडतात ते आठव." मग मला कळले. आमचे बाबा मुंबईच्या आकड्यात आहेत. मुंबईला सगळ्या देशातून पुरुष कामाला येतात, फक्त आपलेच नाहीत.

पण ते जातात का? त्यासाठी गुरुजींनी नकाशा लावला. नकाशात आमच्या बाजूला तपकिरी रंग फार आहे, म्हणजे डोंगर. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीला जाते. आमच्याकडे पाऊस एवढा पडतो की चुलीजवळसुद्धा कपडे वाळत नाहीत. पण पाणी उतारावर थांबत नाही. मे महिन्यात आई पहाटे हंडा घेऊन झऱ्यावर जाते. सपाट जमीन थोडी, त्यात भात एकदाच होतो. वर वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. तेवढ्यावर वर्ष निघत नाही.

मग गुरुजींनी तळियेची गोष्ट सांगितली. ती गोष्ट नाही, खरेच झाले आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. ८० पेक्षा जास्त माणसे गेली. गुरुजी म्हणाले, अशा वेळी पहिला प्रश्न हाच असतो की घरात कोण कोण होते. तेव्हा वर्गात कोणी बोलले नाही. आमच्या घरामागेही डोंगर आहे. घरी येऊन मी आजीला हे सांगितले. ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "चार लिव. पन त्येंची नावं बाजूला लिव."

तसेच आम्ही केले. तक्त्यात दोन रकाने पाडले, 'रात्री घरी असतात' आणि 'गावाबाहेर असतात'. आता सगळ्यांच्या आज्या खूष आहेत. आमच्या वाडीत ३४ घरे भरली. त्यांतल्या ११ घरांना कुलूप आहे. २०२१ ची जनगणना कोरोनामुळे झाली नाही. आता नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा दिवस ठरला आहे. तोपर्यंत आमचा तक्ताच ताजा!

तक्ता या लेखाच्या खाली लावला आहे. आलेल्या पालकांनी आपले घर तपासावे. चुकले असेल तर दोऱ्याला बांधलेल्या पेन्सिलीने बाजूला लिहावे. कुलूप असलेल्या तीन घरांची माहिती अजून मिळालेली नाही. तिथली माणसे कुठे असतात हे कोणाला माहीत असेल तर मला किंवा गुरुजींना सांगावे.