आंबवलेले पीठ आणि प्रयोगशाळेचा कागद

कागल तालुक्यातील बिद्री म्हटले की दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना आठवतो. पण या भागात भातही पिकतो आणि घरोघरी आंबोळी होते. आंबोळीचे किंवा इडलीचे पीठ पिशवीत भरून विकणे हा थोड्या भांडवलाचा धंदा आहे. मोठे गिऱ्हाईक मिळाले की ते कीटकनाशकाच्या अंशाचा अहवाल मागते. आपण पिठाची पिशवी प्रयोगशाळेत देतो, 'आढळले नाही' असा कागद येतो आणि आपण निश्चिंत होतो. एवढ्यावर निश्चिंत होऊ नये, असे आम्हाला वाटते.

हिशेब पाहा. भारतीय कायद्यात ज्या औषधाची मर्यादा वेगळी ठरवलेली नाही, तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात. समजा, तांदळात अशा औषधाचे ०.०२ मिलिग्रॅम आहे. एक किलो तांदूळ-डाळीचे पाण्यासह दोन किलोहून जास्त पीठ होते. म्हणजे तेच औषध पिठात ०.०१ च्या खाली दिसते. तांदूळ नापास, पीठ पास! शिवाय आंबवणारे जिवाणू मॅलॅथिऑन, क्लोरपायरीफॉस यांसारखी औषधे काही प्रमाणात मोडतात. पण मोडले म्हणजे नाहीसे झाले असे नव्हे. क्लोरपायरीफॉसपासून ट्रायक्लोरोपायरिडिनॉल नावाचा दुसराच पदार्थ उरतो. यंत्र यादीतलीच नावे शोधते. हे नाव यादीत नसेल तर ते कागदावर येणार नाही.

म्हणून कोरडे धान्य आणि पीठ, दोन्ही नमुने द्यावेत. पिठाचा नमुना भरल्याबरोबर गोठवावा आणि बर्फात पाठवावा. नाहीतर एसटीच्या प्रवासात पीठ आंबतच राहते आणि पोहोचते ते वेगळेच पीठ. धान्याचा नमुना पोत्याच्या तोंडाशी घेऊ नये. वर, मध्ये, तळाशी असा अनेक पोत्यांतून काढून एकत्र करावा. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आतला ओलावा पकडला, हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहेच.

प्रयोगशाळेत बहुधा २००३ साली प्रसिद्ध झालेली 'कॅचर्स' पद्धत वापरतात. पिठात अॅसिटोनायट्राइल हे द्रावक घालून हलवतात, मग मॅग्नेशियम सल्फेट व मीठ टाकून पाणी वेगळे करतात. वरचा थर स्वच्छ करून तो गॅस किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर तपासतात. आंबलेले पीठ आम्लधर्मी असते, त्यामुळे काही औषधांची मोजणी चुकते. यासाठी आम्लता स्थिर ठेवणारे क्षार घातलेली 'बफर्ड' पद्धत मागावी. पिठात बुडबुडे असतात. तेव्हा नमुना मापाने नव्हे, वजनाने घेतला का, हेही विचारावे.

करप्यावर फवारतात त्या ट्रायसायक्लाझोलचे नाव यादीत आहे का, ते जरूर पाहावे. युरोपने तांदळातील त्याची मर्यादा २०१७ च्या नियमाने १ वरून ०.०१ वर आणली आणि निर्यातदारांची धावपळ झाली.

आणखी एक. एकाच चाचणीत शेकडो औषधे तपासली तरी मॅन्कोझेब त्यात सापडत नाही. गोदामात ठेवलेल्या सेल्फॉसच्या गोळ्यांचा फॉस्फिन वायूही सापडत नाही. या दोन्हींच्या चाचण्या वेगळ्या असतात व पैसेही वेगळे पडतात. गोळ्या टाकलेला तांदूळ घेत असाल तर ही विचारणा दर ठरवण्याआधीच करावी.