समुद्रकासव आणि पहिली-दुसरीची मुले
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या जानेवारीत, संक्रांत होऊन दोन दिवस झाले असतील, आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यावरच्या एका गावी भरले. इतरांच्या वाट्याला बंधारा आणि पाखाडीची डागडुजी आली. माझ्या वाट्याला आली जिल्हा परिषदेची शाळा. चार इयत्ता मिळून सतरा मुले आणि एकच बाई. त्यांतली पहिली-दुसरीची नऊ मुले रोज दुपारी दोन तास मी सांभाळावी आणि परिसरातले काहीतरी शिकवावे, असे ठरले. मी स्वतः खलाशाची मुलगी. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच. समुद्राविषयी शिकवायचे म्हटल्यावर मला मुळीच दडपण आले नाही. विषय निवडला समुद्रकासवाचे जीवनचक्र. त्या पाठात मी कुठे चुकले आणि मुलांनी मला कसे सुधारले, ते सांगण्यासाठी हा लेख.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर एक मोठे वर्तुळ काढले. वर अंडे, उजवीकडे पिल्लू, खाली मोठे कासव, डावीकडे पुन्हा अंडी, मध्ये बाण. आपण सर्वांनी बेडकाचे आणि फुलपाखराचे जीवनचक्र असेच शिकलेले आहे. मुलांनी ते पाटीवर उतरवले आणि संपले. कुणी काही विचारले नाही. फक्त मागच्या ओळीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, आमच्या आजाने कासवाची अंडी खाल्लीत." मी त्याला चटकन म्हटले, "असे करणे पाप आहे." तो खाली बसला.

रात्री शिबिरात पडल्यावर मला ते वाक्य टोचू लागले. माझ्या आजोबांनीही अंडी आणलेली आहेत. आजीच्या तोंडून मी ते लहानपणी ऐकले आहे. किनाऱ्यावरच्या पुष्कळ गावांत पूर्वी ही रीतच होती. वाळूवर कासविणीच्या सरपटण्याची रेघ दिसली की काठी खुपसून घरटे शोधायचे. माणसाने सोडली तर कोल्हा आणि कुत्रा सोडत नसे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे प्राणी पहिल्या परिशिष्टात घातले, परंतु कायद्याचा कागद वाळूपर्यंत यायला फार वर्षे लागली. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली काम सुरू केले, तेव्हा घरटी राखायला गावातलीच माणसे उभी राहिली. ज्याला घरटे शोधता येते त्यालाच ते राखताही येते, हे त्यांनी ओळखले. मग सहा वर्षांच्या मुलाला त्याचा आजा पापी आहे असे सांगण्याचा मला काय अधिकार? दुसऱ्या दिवशी मी त्यालाच विचारले, "तुझ्या आजाला घरटे कसे सापडायचे?" तो उठून पुढे आला आणि दोन्ही हातांनी कासवीण कशी सरकते ते जमिनीवर करून दाखवू लागला. माझ्या मते पाठ तेथे सुरू झाला.

त्यानंतर फळा मी सोडलाच. बाईंच्या परवानगीने आम्ही शाळेमागच्या सुरूच्या बनात वाळूवर गेलो. आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते ती मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात, बहुधा रात्री, ती भरतीच्या रेषेच्या वर येते आणि मागच्या पायांनी खड्डा करते. खड्डा हातभर खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी गोल, थेट आपल्या मडक्यासारखा. हे तोंडाने सांगून काय कळणार? मी मुलांना समुद्राकडे तोंड करून बसवले आणि मागे न पाहता टाचांनी वाळू उकरायला सांगितले. दोन मिनिटांत सगळी कोसळून पडली आणि हसू लागली. "तिला दिसत नाही?" एकीने विचारले. नाही दिसत. मागचा एक पाय वाळू ओंजळीसारखी उचलून बाजूला टाकतो, मग दुसरा. सारे काम केवळ स्पर्शावर. मुलांनी हे मान्य केले, कारण त्यांच्या टाचा दुखत होत्या.

अंड्यांसाठी आम्ही उंडीच्या बिया गोळा केल्या. कासवाचे अंडे जवळजवळ तेवढेच गोल असते. मात्र कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कडक नसून चामड्यासारखे लवचीक, म्हणून खड्ड्यात एकावर एक पडूनही फुटत नाही. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, कधी कमी, कधी जास्त. आम्ही दहादहाचे ढीग करून एकशे दहा बिया मोजल्या. पहिलीच्या मुलांना शंभरापुढचे आकडे येत नव्हते. त्या दुपारी ते आले. गणिताचा तास वेगळा आणि परिसराचा तास वेगळा, ही मोठ्यांची सोय आहे.

अंडी फुटायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. आता सहा वर्षांच्या मुलाला पन्नास दिवस म्हणजे काय? मी म्हटले, संक्रांतीला घातलेली अंडी शिमग्याच्या सुमारास फुटतात. हे त्यांना तत्काळ समजले. कोकणातल्या मुलाला शिमगा किती लांब आहे हे नेमके माहीत असते.

मुलगा होणार की मुलगी हे कासवात वाळूच्या उबेवर ठरते, हे ऐकून तर बाईसुद्धा बाक ओढून जवळ बसल्या. वाळू अधिक तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. अंडी वाळूत असतात त्या काळाच्या मधल्या टप्प्यात हा निर्णय होतो. एका मुलाने विचारले, "आणि मधल्यासारखी असली तर?" तर दोन्ही. ऊन वाढत गेले तर पुढे नरच कमी पडतील, ही शास्त्रज्ञांची काळजी मी पहिली-दुसरीला सांगितली नाही. चौथीला अवश्य सांगावी.

आता मूळ गोष्टीकडे येते.

माझ्या टिपणवहीत मी एक वाक्य मोठ्या हौसेने लिहून नेले होते: 'आई अंडी घालून समुद्रात निघून जाते, पुन्हा वळूनही पाहत नाही.' वाक्य मी स्वर लावून म्हटले. दुसरीतला एक मुलगा, जो तोवर सर्वांत पुढे होता, तो एकदम गप्प झाला. बाकीची मुले बिया पुरत होती, तो नुसता बघत राहिला. शाळा सुटल्यावर बाईंनी सांगितले, त्याची आई मुंबईला कामाला आहे. गणपतीत येते, मेमध्ये येते. तो आजीपाशी राहतो.

वाचकहो, त्या रात्री मी पुष्कळ विचार केला. गोष्ट बदलावी का? आई लांबून पाहत असते, एक दिवस पिल्लांना भेटते, असे काही सांगावे का? गंमत अशी की तशी गोष्ट आपल्या भाषेत तयारच आहे. संतवाङ्मयात कासवी आपल्या पिल्लांना नुसत्या दृष्टीने वाढवते ही कल्पना पुन्हापुन्हा येते आणि मराठीच्या तासाला ती आपण सर्वांनी ऐकली आहे. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते, त्यालाही हात लावून आपण पुढे जातो. दुसऱ्या दिवशी नेमके तेच झाले. तो मुलगा येताच म्हणाला, "ताई, माझी आजी म्हणते कासवी नजरेने पिल्लं वाढवते. तुम्ही खोटं सांगितलंत."

काय उत्तर द्यावे? आजीला खोटे ठरवणे मला शक्य नव्हते. आमच्या घरातही पुस्तकातले आणि आजीचे यांत रोज भांडण असते, आणि पुस्तक दर वेळी जिंकलेच पाहिजे असे मला वाटत नाही. पण मुलाला चुकीचे सांगणेही शक्य नव्हते. उद्या तो वाळूवर उभा राहून खरेच पाहील. मी म्हटले, "आजी सांगते ती देवाची गोष्ट आहे. देव भक्ताकडे कसा पाहतो ते सांगायला संतांनी कासवी घेतली. ती गोष्ट आजीकडूनच ऐक. वाळूवरची कासवीण पिल्लांना भेटत नाही, हेही खरे. पण ती जाण्यापूर्वी काय करते ते मी काल सांगितलेच नाही, ती चूक माझी."

आणि खरोखरच ते मी गाळले होते. अंडी घालून झाल्यावर ती मागच्या पायांनी वाळू लोटून खड्डा भरते. मग आपले सारे अंग डावीकडे-उजवीकडे हलवून पोटाच्या कवचाने वाळू चोपते. घरात जमीन चोपतात तशी. त्यानंतर पुढच्या पायांनी भोवती वाळू उधळते, घरट्याची नेमकी जागा कुणाला कळू नये म्हणून. जड अंगाने हे सर्व करून ती परत फिरते. तिच्या डोळ्यांतून पाणी येते ते मात्र रडण्याचे नव्हे; अंगातले जादा मीठ ती तिथून बाहेर टाकते, आणि ते समुद्रात असतानाही चालूच असते. हे मी स्पष्ट सांगितले, कारण 'कासवी रडते' असे सांगून मुलांना हळवे करणे फार सोपे आहे.

तो मुलगा उठला आणि आदल्या दिवशी पुरलेल्या बियांवरची वाळू दोन्ही हातांनी चोपू लागला. पुष्कळ वेळ चोपत होता. मी त्याला थांबवले नाही.

पिल्लांचा भाग आम्ही वर्गात केला. पिल्लू तोंडावरच्या टोकदार उंचवट्याने अंडे फोडते, पण एकटे वर येत नाही. सगळी मिळून वाळू ढिली करीत वर सरकतात आणि पृष्ठभागाखाली थांबतात. वरची वाळू थंड झाली की बहुधा अंधारात बाहेर पडतात. बाहेर येताच ती उजेडाकडे धावतात, कारण उघड्या किनाऱ्यावर रात्री समुद्राकडचे आभाळच अधिक उजळ असते. आम्ही दारे-खिडक्या लावून घेतल्या. एका भिंतीशी बाईंनी बॅटरी धरली, तो समुद्र. मुले पोटावर सरकत निघाली. मध्येच मी मागच्या बाजूला दुसरी बॅटरी लावली. निम्मी वळली! मग काही सांगावे लागले नाही. पहिलीतली मुलगी म्हणाली, "आमच्या खळ्यातला दिवा तसाच आहे."

वेळासला आणि इतरत्र घरटी कुंपण घातलेल्या हॅचरीत हलवतात, तेवढाच खोल खड्डा करून अंडी ठेवतात, पिल्ले निघाली की सकाळ-संध्याकाळ वाळूवर सोडतात. थेट पाण्यात का नाही ठेवत, हा प्रश्न आलाच. वाळूवरून चालताना पिल्लू त्या किनाऱ्याची काही खूण मनात घेत असावे असा अभ्यासकांचा समज आहे, म्हणून त्याला स्वतः चालू द्यायचे.

मोठ्या माद्या आपल्या जन्मकिनाऱ्याच्या परिसरात परत येतात, हे मी "जन्मल्या तिथेच येतात" असे ठासून सांगितले होते. शिबिरानंतर ग्रंथालयात वाचताना कळले की २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. म्हणजे सारा दक्षिण किनारा वळसा घालून! २०२२ साली वेळासच्या एका मादीला उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले आणि तिचे नाव 'प्रथमा' ठेवले, हेही तेव्हाच वाचले. मी बाईंना पत्र लिहून माझ्या वाक्यात 'बहुधा' घालायला सांगितले.

शेवटच्या दिवशी सर्वांत कठीण भाग होता. ढोबळमानाने हजार पिल्लांतून एखादे मोठे होते असे सांगतात. खेकडे, घारी, मासे, आणि पुढे जाळी. कासव माशासारखे पाण्यात श्वास घेत नाही, त्याला वर यावे लागते. जाळ्यात अडकून राहिले तर ते बुडून मरते. हे ऐकून होडीवर जाणाऱ्यांची मुले एकमेकांकडे पाहू लागली. मी इथे घाईने पुढे जाणार होते. पण तोच मुलगा, दुसरीतला, बोटे मोजून म्हणाला, "मग आपल्या एकशे दहातलं एकही नाही वाचणार?"

हिशेब बरोबर होता. मी म्हटले, "या एका घरट्यातले कदाचित एकही नाही. पण मादी एका हंगामात दोन-तीनदा अंडी घालू शकते आणि मोठी झाल्यावर पुष्कळ वर्षे घालते." तो थोडा वेळ थांबला. "म्हणजे तिला परत परत यावं लागतं," तो म्हणाला. मी हो म्हटले.

बाईंनी कॅलेंडरवर पन्नासाव्या दिवसाला खूण केली होती. मार्चमध्ये त्यांचे पत्र आले. मुलांनी त्या दिवशी घरटे उकरले, एकशे सहा बिया सापडल्या. उरलेल्या चारांवरून भांडण झाले. दोन कोल्ह्याने नेल्या यावर सर्वांचे एकमत झाले. आणि उरलेल्या दोन समुद्रात गेल्या असे दुसरीतल्या मुलाने सांगितले, ते कुणी खोडून काढले नाही.