अंगण वाकडं आहे का, ते आधी बघ

अगं, तुझा लांबलचक मेसेज वाचला. धावपट्टीवर विमान डावीकडे पळतं, गवतात शिरतं आणि पंख टेकवून आडवं होतं. पायातले ब्रेक लागत नाहीत. फ्लॅप अर्धे उतरत नाहीत. स्टार्टर दाबला की प्रोपेलर नुसता गरगरतो, इंजिन काही धरत नाही. आणि नाक झटकन खाली दाबलं की स्पिटफायरचं इंजिन गुदमरतं असं जे सगळे सांगतात, ते मात्र होतच नाही. म्हणजे मॉड्यूल बिघडलंय, सिम्युलेटर खोटा आहे आणि पैसे पाण्यात गेले, असा तुझा निकाल.

थांब जरा. या यादीत खरा बिघाड फार तर एक आहे. बाकी सगळं ते विमान दुसऱ्या महायुद्धात जसं होतं तसंच वागतंय, आणि त्याचेच तर तू पैसे मोजलेस.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपल्या छंदाला अर्धीच लागू पडते. इथे अंगण कधी कधी खरंच वाकडं असतं. म्हणून दोष विमानाच्या स्वभावाचा, आपल्या हाताचा की टेबलावरच्या यंत्राचा, हे आधी ठरवायचं आणि मग कशाला हात लावायचा. तू उलटं करतेस. एका बैठकीत कर्व्ह बदलतेस, डेडझोन वाढवतेस, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतेस, वर ग्राफिक्सही खाली आणतेस. मग चुकून काही सुधारलंच, तर कशाने सुधारलं ते कळणार कसं? एका वेळी एकच गोष्ट बदल. कंटाळवाणं आहे, मान्य. पण दुसरा रस्ता नाही.

डावीकडे पळण्याचंच घेऊ, कारण त्यात दोन्ही आहे. तुझ्या डीसीएस या सिम्युलेटरमध्ये कॉकपिटमध्ये बसल्यावर उजवा कंट्रोल आणि एंटर एकत्र दाब. पडद्यावर लाल रेघांचा एक चौकोन येईल. त्यात स्टिकची खूण, खाली आडव्या पट्टीवर रडर, बाजूला थ्रॉटल. आता सगळ्यावरून हातपाय काढ आणि नुसती बघत राहा. खुणा मधोमध स्थिर आहेत? मग एकटा थ्रॉटल सावकाश पुढे कर. त्याच्याबरोबर रडरची खूणही सरकली, तर चोर सापडला म्हणून समज. नवं यंत्र यूएसबीला लावलं की डीसीएस आपल्या मनाने त्याच्या अ‍ॅक्सिसना कामं वाटून टाकतो. पेडल रडरला जोडलेले असतात, आणि वर जॉयस्टिकची पिळणही रडरलाच, थ्रॉटलवरची एखादी चकतीही रडरलाच. कंट्रोल्सच्या पानावर स्पिटफायर निवड, अ‍ॅक्सिसची यादी उघड, प्रत्येक यंत्राचा रकाना तपास आणि नको ते पुसून टाक. हे दर विमानाला वेगळं करावं लागतं. मस्टँग विमानात नीट केलंस म्हणून स्पिटफायरमध्ये आपोआप होणार नाही.

खूण काहीच न करता थरथरत असेल तर ते वेगळं दुखणं. स्वस्त जॉयस्टिकमध्ये आत घासणारा पोटेन्शिओमीटर असतो, त्यात धूळ बसते. थोडा डेडझोन दे, आणि पुढची जॉयस्टिक घेताना चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर आहे का ते विचार. मध्येच यंत्र मेल्यासारखं होत असेल, तर विंडोज वीज वाचवायला यूएसबी झोपवतो आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ती खूण काढ. आणि डीसीएसच्या 'स्पेशल' पानावर स्पिटफायरखाली टेकऑफ असिस्टन्स आणि ऑटो रडर अशी दोन मदतनीसं बसलेली असतात. ती बंद कर. तू एकीकडे पाय मारतेस, ती दुसरीकडे. त्या भांडणात विमान कसं चालवायचं ते तुला कधीच कळणार नाही.

एवढं केल्यावरही विमान डावीकडे वळेल. वळायलाच हवं. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाचा प्रोपेलर वैमानिकाच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. त्याची उलट प्रतिक्रिया डाव्या चाकावर भार टाकते. मागे फेकलेली हवा पीळ घेत येऊन शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून आपटते. आणि तू शेपटी उचललीस की फिरता प्रोपेलर भोवऱ्याच्या नियमाने नाक आणखी डावीकडे नेतो. त्यात मुख्य चाकं पुढे आणि वजनाचा मध्य मागे, त्यामुळे एकदा वळायला लागलं की शेपटी नाकाला मागे टाकायला बघते. हाच ग्राउंड लूप. चाकंही एकमेकांच्या किती जवळ! म्हणून रडरचं ट्रिम पूर्ण उजवीकडे घे, थ्रॉटल सावकाश उघड, सात-आठ पौंड बूस्टवर, म्हणजे इंजिनात कोंबलेल्या हवेच्या तेवढ्या जादा दाबावर, समाधान मान. अठरा पौंड लढाईसाठी असतात, कोऱ्या धावपट्टीवर मिरवायला नव्हे. पायाने सतत दाबून धरू नकोस. छोटे, चटकन दिलेले ठोके, आणि दिलेला पाय लगेच परत. आणि मस्टँगवाल्या मित्राचं 'स्टिक पोटाशी ओढ, शेपटीचं चाक लॉक होतं' हे ऐकून घे आणि सोडून दे. मस्टँगला ते आहे. स्पिटफायरचं शेपटीचं चाक मोकळं फिरतं, त्याला लॉकच नाही. पुढे, पन्नासच्या दशकापर्यंत उडालेल्या ग्रिफन इंजिनाच्या स्पिटफायरचा प्रोपेलर उलटा फिरायचा आणि विमान उजवीकडे ओढायचं, हे लक्षात असू दे, कुणी तुला त्याचा सल्ला दिला तर गोंधळशील.

ब्रेक तर या विमानाच्या पेडलमध्ये नाहीतच, बाई. स्पिटफायरच्या स्टिकच्या कड्यावर एक लिव्हर असतो. तो आवळला की दाबाची हवा दोन्ही चाकांच्या ब्रेकला जाते, आणि पेडल ज्या बाजूला दाबशील त्या बाजूचा ब्रेक जास्त धरतो. तेव्हा ब्रेकला एकच अ‍ॅक्सिस लाव. त्याच हवेवर फ्लॅप चालतात आणि तोफा-बंदुकाही झडतात, म्हणून टॅक्सी करताना ब्रेक उगाच फुसफुसवू नकोस. समोर नाकाशिवाय काही दिसत नाही, तेव्हा नागमोडी जायचं आणि बाजूने डोकावत राहायचं. फ्लॅपला दोनच जागा, वर किंवा खाली. अर्धे नाहीतच. म्हणून उड्डाण फ्लॅपशिवाय होतं. १९४२ मध्ये माल्टा बेटाला स्पिटफायर पोचवायची होती आणि वास्प या अमेरिकन विमानवाहू जहाजाच्या आखूड डेकवरून ती उडवायची होती, तेव्हा हीच अडचण आली. तंत्रज्ञांनी काय केलं? फ्लॅप खाली सोडले, फटीत लाकडाच्या पाचरी ठेवल्या आणि फ्लॅप त्यांच्यावर मिटवले. उडाल्यावर वैमानिक फ्लॅप एकदा पूर्ण खाली सोडायचा, पाचरी समुद्रात पडायच्या. तुझ्या जॉयस्टिकवर फ्लॅपचं तीन टप्प्यांचं बटण असलं तरी मधला टप्पा तिथे नव्हता, म्हणून लाकूड लागलं.

सुरू न होण्याचं कारण तू स्वतःच लिहिलंयस. तू फक्त स्टार्टर दाबतेस. झाकणाखाली दोन बटणं आहेत, स्टार्टर आणि बूस्टर कॉइल. दोन्ही एकदम दाबायची. त्याआधी इंधनाचा कॉक उघडा, मॅग्नेटो चालू, प्रोपेलरचा दांडा पूर्ण पुढे, थ्रॉटल अगदी थोडा उघडा, आणि प्रायमरचे काही झटके. मिशनमधलं हवामान हिवाळ्यातलं असेल तर झटके जास्त, जुन्या स्कूटरचा चोक थंडीत ओढायचो तसे. इंजिन धरलं की लगेच धूम ठोकू नकोस. तेल १५ अंश आणि कूलंट ४० अंश होईपर्यंत गरम होऊ दे. मात्र त्यापुढे जमिनीवर रेंगाळूही नकोस, कूलंट तापत जातं.

आता तुझा सगळ्यात मोठा आरोप, इंजिन गुदमरत नाही हा. ही कथा खरी आहे, फक्त तुझ्या विमानाची नाही. १९४० मधल्या सुरुवातीच्या मर्लिनला तरंगत्या फ्लोटचा कार्ब्युरेटर होता. नाक झटकन खाली गेलं की त्यातलं इंधन भलतीकडे जायचं, इंजिन आधी उपाशी पडायचं आणि मग अति इंधनाने ठसकायचं. समोरच्या मेसरश्मिट १०९ च्या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जायचं, त्यामुळे जर्मन वैमानिक नाक दाबून सरळ निसटायचा. इंग्रजांना मात्र आधी विमान उलटं करून मग खाली ओढावं लागायचं. त्यावर पहिला इलाज फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या बिअ‍ॅट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी काढला. इंजिनाला जास्तीत जास्त लागेल तेवढंच इंधन जाऊ देणारी एक छोटीशी धातूची चकती. १९४१ मध्ये छोटी तुकडी घेऊन त्या तळातळावर जाऊन ती बसवून आल्या. या बाईंनी त्याआधी ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर मोटरसायकल ताशी शंभर मैलांहून जास्त वेगाने फिरवून सुवर्ण तारा मिळवला होता. 'हा मुलींचा खेळ नाही' म्हणणाऱ्या तुझ्या त्या मित्राला एवढं ऐकव.

तुझं मार्क ९ हे स्पिटफायरचं पुढचं मॉडेल. त्याच्या मर्लिन ६६ ला फ्लोटच नाही, दाबाने इंधन देणारा बेंडिक्स-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर आहे. नाक दाबल्यावर ते ठसकलं असतं, तर तो बिघाड झाला असता! ठसकणारं इंजिन अनुभवायचंच असेल तर आयएल-२ क्लिफ्स ऑफ डोव्हर या दुसऱ्या सिममधलं मार्क १ उडव. वास्तव तपासताना नुसतं विमानाचं नाव पुरत नाही, मार्क आणि इंजिनाचा क्रमांकही लागतो.

उलटी तक्रारही येईल बघ. मेसरश्मिट १०९ मध्ये वेगाने खाली झेपावलीस की तू जॉयस्टिक पोटापर्यंत ओढशील आणि कॉकपिटमधली स्टिक जेमतेम हलेल. यंत्र तुटलं असं वाटेल. खऱ्या १०९ मध्ये त्या वेगाला स्टिक दगडासारखी घट्ट व्हायची. टेबलावरची स्प्रिंग सगळ्या वेगांना सारखीच, म्हणून सिमने ती ताकद अशी दाखवली आहे. स्पिटफायरचं एलिव्हेटर याच्या उलट, फुंकर घातली तरी वळेल इतकं हलकं. खरी स्टिक तुझ्या जॉयस्टिकपेक्षा कितीतरी लांब होती, त्यामुळे फक्त पिचला पंधरा-वीसचा कर्व्ह दिलास तर ती लबाडी नाही.

पण सिम म्हणेल ते ब्रह्मवाक्य, असंही धरू नकोस. आयएल-२ ग्रेट बॅटल्स मालिकेत आणीबाणीच्या ताकदीला मिनिटांची मर्यादा आहे, ती ओलांडली की इंजिन खराब होतं. माझ्या मते तिथे नियमपुस्तकाला भौतिकशास्त्र समजलं गेलं. पुस्तकातली पाच मिनिटं इंजिन जास्त काळ टिकावं म्हणून होती, सहाव्या मिनिटाला ते फुटायचं म्हणून नव्हे. तरीही मी ती पाळते, कारण मर्यादा अजिबात नसली की लोक पूर्ण लढाई पूर्ण थ्रॉटलवर खेळतात, आणि ते त्याहून खोटं.

अपडेटनंतर चित्र अडखळायला लागलं तर सेव्ह्ड गेम्समधली एफएक्सओ आणि मेटाशेडर्स२ ही फोल्डर रिकामी कर, मग मॉड काढून रिपेअर चालव. इनपुटच्या फोल्डरची प्रत मात्र आधी बाजूला ठेव, नाहीतर सगळी बटणं पुन्हा लावत बसशील.

आणि एक काम कर, त्या काळच्या बायका करायच्या ते. एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीत दीडशेहून जास्त महिला वैमानिक होत्या. कारखान्यातून तळावर विमानं पोचवायच्या. कधी न बघितलेलं विमानही सकाळी हातात यायचं, आणि सोबत असायची कड्यांत अडकवलेल्या छोट्या कार्डांची वही. दर विमानाचे मोजके आकडे, बस. तूही स्पिटफायरचं एक कार्ड कर. बूस्ट पौंडांत लिही. मस्टँगचं लिहिशील तेव्हा पाऱ्याच्या इंचांत, १०९ चं अटा या दाबाच्या एककात. ६७ इंच म्हणजे साधारण १८ पौंड, हे कोपऱ्यात टिपून ठेव. खऱ्या वैमानिकांचं त्या वेळचं अधिकृत पुस्तक, 'पायलट्स नोट्स', छापील नक्कल म्हणून मिळतं. यूट्यूबवरचा कुणी काहीही सांगो, वाद झाला की ते उघड.

मग सिममधला नॉर्मंडीचा नकाशा घे. तिथे १९४४ मध्ये मार्क ९ उडवणाऱ्या तुकड्यांत १३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं नाव 'सिटी ऑफ बॉम्बे' होतं, तेव्हा तुझ्या आवडीला परकी म्हणणाऱ्यांनाही उत्तर आहे. फक्त आज उडू नकोस. आज ते जादा अ‍ॅक्सिस पूस, दोन्ही मदतनीसं बंद कर, आणि धावपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत नुसती टॅक्सी कर. तरीही विमान गवतात गेलं, तर त्या लाल चौकोनाचा फोटो काढून मला पाठव. फोटोशिवाय मी काही सांगणार नाही.